कोऱ्या रोलची साक्ष

माझ्या टेबलाच्या खणांत एक जुनें, कडा पिवळ्या पडलेलें पाकीट आहे. आणि त्या पाकिटांत दीड मीटरहून थोडी अधिक लांबीची, गुंडाळून ठेविलेली एक फिल्म आहे. आरंभींचा वीतभर तुकडा तेवढा काळा. बाकी तिच्यावर एकहि चित्र नाहीं. उजेडाकडे धरली, तर खिडकींतून पाहावें तसें तिच्यांतून पलीकडचें सारें दिसतें. व्यवहारी मनुष्याच्या दृष्टीनें ही वस्तु केरांत टाकण्यापलीकडे कशाच्याहि उपयोगाची नाहीं. तथापि गेलीं चाळीसांहून अधिक वर्षें मी ती जपून ठेविली आहे. पैकीं पहिलीं २६ वर्षें दुसऱ्याच्या अपराधाचा पुरावा म्हणून, आणि त्यानंतर आजतागायत माझ्या स्वतःच्या अपराधाचा पुरावा म्हणून. वस्तु तीच, पुरावाहि तोच. आरोपी तेवढा बदलला. हें कसें घडलें तें सांगावें, आणि त्यांतून दोषारोपणाच्या नीतीविषयीं जो प्रश्न मला अनेक दिवस सतावीत आहे तो वाचकांपुढें मांडावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

१९८३ सालच्या वैशाखांत वाईस आमच्या आजोबांची सहस्रचंद्रदर्शनाची शांति झाली. आजोबा हाडाचे शाळामास्तर. स्वतःचें छायाचित्र काढून घेण्याचा त्यांना मनस्वी कंटाळा. त्यामुळें घरांत त्यांचें चित्र असें एकच होतें, आणि तेंहि शाळेच्या निरोपसमारंभाचें. त्यांत ते मागल्या रांगेंत उभे असून, पुढल्या गृहस्थाच्या टोपीआड त्यांचा अर्धा चेहरा झांकलेला आहे. शांतीच्या दिवशीं मात्र त्यांची वृत्ति अगदीं निराळी होती. लेकीसुनांनीं निरांजनांचीं ताटें घेऊन ओवाळलें, पणतू मांडीवर येऊन बसला, आणि आजोबा माझ्याकडे वळून म्हणाले, "काढ रे, आज हवे तेवढे फोटो काढ." मी नुकताच बँकेंत लागलों होतों. आतेभावाचा कॅमेरा दोन दिवसांसाठीं मागून आणला होता, आणि आयुष्यांत पहिल्यानेंच स्वतःच्या हातानें त्यांत रोल भरला होता. रोल ३६ चित्रांचा; परंतु छत्तिसावें चित्र झाल्यावरहि कॅमेरा अडेना, म्हणून मीं आणखी चार चित्रें काढलीं, व छत्तिसांच्या किंमतींत चाळीस पदरांत पडलीं म्हणून मनांतल्या मनांत खूषहि झालों. पुढें माझी नेमणूक दुसऱ्या गांवीं झाली, आणि गुंडाळून घेतलेला रोल ट्रंकेंत पडून राहिला. श्रावणांत आजोबा गेले. दिवाळीला घरीं आलों, तेव्हां आजीनें पहिला प्रश्न विचारला तो त्या फोटोंचा. दुसऱ्याच दिवशीं मी पेठेंतल्या फोटोवाल्यांकडे रोल धुवावयास देऊन आलों, आणि तिसऱ्या दिवशीं त्यांनीं ही कोरी फिल्म माझ्या हातीं ठेविली.

त्या वेळीं दुकानांत चार गिऱ्हाइकें होतीं. त्यांच्यादेखत मी त्या गृहस्थांना काय काय बोललों, तें सगळें येथें लिहिण्याची मला लाज वाटते. रोल त्यांनीं नासविला, औषधें शिळीं वापरलीं, काम पोरासोरांच्या हातीं सोंपविलें, आणि माझ्या आजोबांना त्यांनीं दुसऱ्यांदां मारलें, असा माझ्या बोलण्याचा मथितार्थ होता. ते वयानें माझ्या वडिलांएवढे. त्यांनीं सर्व ऐकून घेतलें, फिल्म हातांत घेऊन तिची कड बोटानें दाखविली, आणि एवढेंच म्हणाले, "आंकडे आले आहेत, साहेब." या वाक्याचा अर्थ काय, हें मीं विचारलें नाहीं. मला तें एखाद्या कामचुकार मनुष्याच्या सबबीसारखें वाटलें. त्यांनीं धुलाईचे पैसे घेतले नाहींत. तोहि मला अपराधाचा कबुलीजबाबच वाटला. सहा महिने, भर पावसाळ्यांत ट्रंकेंत पडलेल्या रोलला दमट हवा बाधली असेल, असें म्हणून त्यांना आपली सुटका सहज करून घेतां आली असती. रोल केव्हांचा आहे हें मींच त्यांना सांगितलें होतें. पण ती सबब खोटी आहे हें त्यांना ठाऊक होतें, व म्हणून ती त्यांनीं पुढें केली नाहीं. याचें मोल मला त्या वेळीं कळण्यासारखें नव्हतें. त्यानंतर आमच्या घरचीं दोन लग्नें व एक मुंज दुसऱ्या फोटोवाल्याकडे गेलीं, आणि 'त्यांच्याकडे रोल देऊं नका' हा उपदेश आप्तेष्टांत मीं मुक्तहस्तानें वांटला.

येथें फिल्मच्या घडणीविषयीं थोडें सांगणें प्राप्त आहे. कारण माझ्या अपराधाचें स्वरूप त्याखेरीज ध्यानांत यावयाचें नाहीं. फिल्मच्या पट्टीवर जिलेटिनाचा पातळ थर असतो, व त्यांत चांदीच्या क्षाराचे सूक्ष्म कण विखुरलेले असतात. कॅमेऱ्याचा पडदा क्षणभर उघडला, कीं ज्या कणांवर प्रकाश पडला त्यांच्यांत एक फरक होतो. परंतु तो इतका अल्प, कीं एका कणावर चांदीचे चारपांच अणु मोकळे झाले तरी काम भागतें. त्या वेळीं फिल्मकडे कितीहि निरखून पाहिलें, तरी डोळ्यांना कांहींच दिसत नाहीं. पुढें डेव्हलपरच्या पाण्यांत तोच कण सबंध चांदीचा होऊन काळा पडतो, आणि न बदललेले कण हायपोच्या पाण्यांत निघून जातात. म्हणजे चित्र निघतें कॅमेऱ्यांत, पण दिसतें अंधारखोलींत. आणि मधल्या काळांत तें असूनहि दिसत नाहीं. यज्ञ आज करावा आणि त्याचें फळ पुष्कळ काळानें मिळावें, या दोहोंच्या मधला दुवा म्हणून आमच्या मीमांसकांनीं 'अपूर्व' नांवाची एक अदृश्य शक्ति मानिली. तिची येथें सहज आठवण होते.

हें अदृश्य चित्र किती काळ तग धरतें, याचें एक उदाहरण प्रसिद्ध आहे. स्वीडनचा आंद्रे आणि त्याचे दोन सोबती १८९७ सालीं बलूनमधून उत्तर ध्रुवाकडे निघाले, व बर्फांत नाहींसे झाले. १९३० सालीं त्यांचे अवशेष एका ओसाड बेटावर सांपडले, आणि त्यांबरोबर ३३ वर्षें तेथें पडून राहिलेल्या फिल्महि सांपडल्या. स्टॉकहोम येथें जॉन हर्ट्झबर्ग यांनीं त्या अत्यंत सावधपणें धुतल्या, तेव्हां २४० पैकीं ९३ चित्रें हातीं लागलीं. जेथें प्रकाश एकदां पोहोंचला होता, तेथील त्याची खूण इतक्या वर्षांच्या बर्फानेंहि सर्वस्वीं पुसली नाहीं. मग माझ्या ट्रंकेंतील सहा महिन्यांनीं ती मागमूसहि न ठेवतां पुसून टाकावी, हें संभवत नव्हतें.

आतां त्या आंकड्यांविषयीं. फिल्मच्या दोन्ही बाजूंना छिद्रांची रांग असते. त्या छिद्रांत कॅमेऱ्याच्या चाकाचे दांते अडकून फिल्म पुढें सरकते. छिद्रांच्या बाहेरच्या अरुंद कडेवर कारखानदाराचें नांव व चित्रांचे अनुक्रमांक असतात. ते शाईनें छापलेले नसतात. कारखान्यांतच प्रकाशानें उमटविलेले असतात, म्हणजे तेहि चित्रांप्रमाणेंच अदृश्य असतात व डेव्हलपरमध्येंच प्रकट होतात. ही एक गोष्ट ध्यानांत आली, कीं कोरी फिल्महि साक्ष देऊं लागते. चित्रें नाहींत आणि आंकडेहि नाहींत, तर डेव्हलपर शिळा होता, किंवा हायपो चुकून आधीं पडला, दोष धुणाऱ्याचा. चित्रें नाहींत पण आंकडे स्वच्छ आहेत, तर धुणाऱ्यानें आपलें काम चोख केलें, फिल्मला प्रकाशच दिसला नाहीं. दोष कॅमेऱ्याच्या बाजूचा. सर्व फिल्म कडांसकट काळी, तर कोणीतरी ती उजेडांत उघडली. करड्या धुक्याचा पट्टा छिद्रांवरून कडेपर्यंत गेला असेल, तर कॅमेऱ्याच्या पाठच्या झांकणाची फट तपासावी. धुकें चित्राच्या चौकटीच्या आंतच थांबलें असेल, तर भिंगाची किंवा पडद्याची बाजू तपासावी. देवदत्त दिवसा जेवीत नाहीं आणि तरी लठ्ठ आहे, तेव्हां तो रात्रीं जेवीत असला पाहिजे, या त्याच मीमांसकांच्या अर्थापत्तीहून या तर्काची जात फारशी निराळी नाहीं.

ही विद्या मला शिकविली ती माझ्या भाचीनें. २००९ सालीं ती चित्रकलेच्या महाविद्यालयांत शिकत होती, व सुट्टींत आमच्याकडे आली होती. जुन्या पद्धतीच्या कॅमेऱ्यांचें तिला वेड. खणांतील पाकीट तिच्या हातीं पडलें, आणि मीं २६ वर्षें घोळलेली आपली तक्रार तिला ऐकविली. तिनें फिल्म खिडकीशीं धरली, एक टोंक पाहिलें, कडा पाहिल्या, आणि विचारलें, "मामा, फोटो किती काढले होते तुम्ही?"

मीं अभिमानानें सांगितलें, "चाळीस."

"छत्तिसाच्या रोलमध्ये चाळीस?" ती हंसूं लागली. "अहो मामा, रोल चढलाच नव्हता!"

रोल भरतांना फिल्मची जीभ समोरच्या रिकाम्या फिरकीच्या खांचेंत नीट अडकावी लागते. ती निसटली, तर तरफ फिरते, आंकडा सरकतो, पडदा खट्ट करून उघडतो आणि मिटतो. सर्व सोहळा यथासांग होतो. फिल्म मात्र आपल्या डबीच्या बाहेर येतच नाहीं. ती खरोखर सरकत आहे कीं नाहीं, हें झांकण उघडून पाहतां येत नाहीं, कारण पाहणें म्हणजेच नासविणें. म्हणून बाहेरच्या खुणेवर विसंबावें लागतें. ती खूण अशी: तरफ फिरविली, कीं फिल्म मागें गुंडाळण्याची जी खुंटी असते ती आपोआप थोडी फिरली पाहिजे. ती निश्चल राहिली, तर समजावें कीं आपण रित्या कॅमेऱ्याचा खटका दाबीत आहों. आणि ३६ चित्रें झाल्यावर, फार तर एखाददुसरें चित्र पुढेंमागें, फिल्म ताणली जाऊन तरफ अडलीच पाहिजे; ती न अडतां चाळिसांपर्यंत गेली हा इशारा होता, आणि मीं तो लाभ समजलों. आरंभींचा काळा तुकडा म्हणजे रोल भरतांना उजेडांत राहिलेली जीभ; ती काळी पडली, यावरूनहि डेव्हलपर चांगला होता हें सिद्ध होत होतें. कडांवर १ पासून ३६ पर्यंत आंकडे ठसठशीत होते. "आंकडे आले आहेत, साहेब," एवढ्या शब्दांत त्या गृहस्थांनीं आपला सर्व बचाव मांडला होता. आणि तो निर्विवाद होता.

वाईस जाऊन मीं चौकशी केली. फोटोवाले वारले होते; त्याच गाळ्यांत त्यांचा मुलगा मोबाईल दुरुस्तीचें काम करीत होता. मीं त्याला सर्व हकीकत सांगून क्षमा मागितली. त्यानें ती शांतपणें ऐकली, व थोडा वेळ थांबून विचारलें, "मग आतां मी काय करूं, काका?" या प्रश्नाला माझ्यापाशीं उत्तर नव्हतें, आणि आजहि नाहीं. ज्याचा अपराध केला तो उरला नसतां मागितलेली क्षमा ही बहुधा आपल्या मनाचें ओझें दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवण्याची युक्ति असते, एवढें मात्र मला त्या दिवशीं कळलें.

आतां मूळ प्रश्नाकडे येतों. माझा अपराध नेमका कोणता? रोल नीट चढविला नाहीं, हा तर खास नव्हे; ती नवशिक्याची चूक होती, व तिची शिक्षा आम्हां सर्वांना पुरेपूर मिळाली. मला छायाचित्रणाचें ज्ञान नव्हतें, हाहि अपराध म्हणतां येत नाहीं. जगांतील सर्व विद्या कोणालाच येत नाहींत. कोणी म्हणेल, कीं दुःखाच्या भरांत मनुष्य बोलून जातो, त्याचा एवढा बाऊ कशाला? पण दुःखाचा भर चार दिवसांचा असतो. मीं तर २६ वर्षें तो आरोप शाबूत ठेविला. माझ्या मतें अपराध एकाच ठिकाणीं घडला. "आंकडे आले आहेत," असें ते म्हणाले, तेव्हां "म्हणजे काय?" एवढा प्रश्न मीं विचारला नाहीं. अज्ञान क्षम्य आहे. परंतु अज्ञानाच्या आसनावर बसून निकाल देणें, आणि आरोपीची साक्ष समजून न घेतां ती सबब म्हणून फेटाळणें, हें क्षम्य नाहीं. न्यायाधीशाला सर्व भाषा यावयास पाहिजेत असें कोणी म्हणत नाहीं. पण साक्षीदाराची भाषा येत नसेल, तर दुभाष्याला बोलाविणें हें त्याचें कर्तव्य असतें.

तो प्रश्न मीं कां विचारला नाहीं, याचा शोध घेतां जें उत्तर मिळतें तें फारसें भूषणावह नाहीं. त्यांच्या जागीं पुण्यामुंबईचा एखादा नामांकित छायाचित्रकार असता, आणि त्यानें तेच शब्द उच्चारले असते, तर मीं खचित अर्थ विचारला असता. किंबहुना, माझेंच कांहीं चुकलें असावें असें न विचारतांच मानलें असतें. परंतु पेठेंतला फोटोवाला, बोटांना औषधांचे डाग पडलेला, आपण पैसे देणार आणि तो घेणार, त्याच्या हातून चूक व्हावी हें मला स्वाभाविक वाटलें. दोष हा पाण्यासारखा आहे. त्याला कोणी अडविलें नाहीं, तर तो उताराकडे वाहतो. घरांत दागिना सांपडेनासा झाला, कीं प्रथम मोलकरणीकडे पाहतात. कचेरींत कागद गहाळ झाला, कीं प्रथम शिपायाला हांक मारतात. यांत कोणाचा दुष्टपणा असतोच असें नाहीं. उतार आधींच तयार असतो, आणि आपण त्यावर नुसते हात सोडून उभे राहतों.

हा उतार केवळ आमच्या पेठेंत आहे असें मात्र नाहीं. रोलच्याच बाबतींतलें एक जगप्रसिद्ध उदाहरण पाहावें. ६ जून १९४४ रोजीं मित्रराष्ट्रांचें सैन्य फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर उतरलें, तेव्हां रॉबर्ट कापा हा विख्यात युद्धछायाचित्रकार 'ओमाहा' हें सांकेतिक नांव दिलेल्या भागांत सैनिकांबरोबर होता. त्याचे रोल लंडनला 'लाइफ' साप्ताहिकाच्या कचेरींत आले. परंतु त्या हल्ल्याचीं अवघीं दहाअकरा चित्रें जगाला मिळालीं. बाकीच्यांचें काय झालें, याची एक गोष्ट पुढें सर्वत्र सांगितली गेली: घाईघाईनें फिल्म वाळवितांना अंधारखोलींतील एका मदतनीस पोरानें कपाटांतील उष्णता वाढूं दिली, आणि चित्रांचा थर वितळून गेला. कापानें १९४७ सालच्या आपल्या पुस्तकांत अशाच आशयाची हकीकत दिली. 'लाइफ'चे लंडनमधील तेव्हांचे चित्रसंपादक जॉन मॉरिस यांनीं ती अनेक दशकें सांगितली. २०१४ सालीं ए. डी. कोलमन या समीक्षकानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं ही गोष्ट बारकाईनें तपासावयास घेतली. वाळविण्याच्या कपाटांतील माफक उष्णतेनें फिल्मवरील थर असा वितळून वाहूं शकत नाहीं, असें त्यांचें म्हणणें पडलें. उरलेलीं चित्रें छिद्रांवर सरकलेलीं दिसतात, हा थर घसरल्याचा पुरावा समजला जाई; परंतु कॅमेऱ्यांत फिल्मची डबी जशी बसली होती त्यामुळेंच तसें झालें, असें या मंडळींनीं दाखविलें. पुढें स्वतः मॉरिस यांनींहि कबूल केलें, कीं बाकीच्या रोलवर कदाचित् मुळांत कांहीं नसावेंच. ते रोल आज उपलब्ध नाहींत. त्यामुळें त्यांच्या कडा वाचून निकाल देण्याचा मार्गहि खुंटला आहे.

यावरून कापाला दोषी ठरवावें, असा माझा मुळींच आशय नाहीं. गोळ्यांच्या वर्षावांत गळ्याइतक्या पाण्यांत उभ्या असलेल्या मनुष्यानें किती चित्रें काढलीं, याचा हिशेब आरामखुर्चींत बसून मागणें शोभत नाहीं. माझें लक्ष त्या मदतनीस पोराकडे जातें. चित्रें नाहींत असें दिसतांच कॅमेरा, भिंग, पडदा, रोल भरण्याची पद्धत, समुद्राचें पाणी, मनुष्याचे थरथरते हात, इतकीं कारणें संभवत होतीं. आणि तीं सर्व ओलांडून दोष जाऊन स्थिरावला तो त्या सर्वांत लहान असलेल्या पोराच्या माथ्यावर. तेथें तो सत्तर वर्षें राहिला.

यावर कोणी सज्जन म्हणतील, "मग नियम सोपा आहे. प्रत्येकानें दोष आधीं आपल्यांतच पाहावा, म्हणजे झालें." हा उपदेश उदात्त आहे; पण तो न्यायाची जागा घेऊं शकत नाहीं. समजा, माझ्या फिल्मवर आंकडे उमटलेले नसते; तर दोष खरोखरच फोटोवाल्यांचा ठरला असता, आणि मीं नम्रपणें तो आपल्या माथीं घेतला असता तर तेंहि असत्यच झालें असतें. शिवाय त्यांचा तो शिळा डेव्हलपर पुढल्या गिऱ्हाइकाचाहि रोल नासविता. नम्रता हा गुण खरा, पण तिनें पुराव्याचें काम भागत नाहीं. इतकेंच काय, सर्व दोष आपल्याकडे ओढून घेण्यांत एक सूक्ष्म अहंकारहि असूं शकतो. जगांत जें कांहीं घडतें तें आपल्याच हातून घडतें, असें मानण्याचा. खुणा जेथें नेतील तेथें दोषानें जावें, मग तें ठिकाण धन्याचें असो वा चाकराचें, आपलें असो वा परक्याचें.

त्या गृहस्थांच्या मौनाविषयींहि दोन शब्द लिहिणें जरूर आहे. सत्य कळल्यावर कांहीं वर्षें मी त्यांच्या मौनाला थोरपणा म्हणत असें, व घरांतल्या मुलांना तो कित्ता म्हणून सांगत असें. आतां मला त्याविषयीं शंका येते. असले प्रसंग त्यांच्या धंद्यांत अनेक आले असतील, आणि गिऱ्हाइकापुढें एकदांच सांगावें, दुसऱ्यांदां सांगण्यांत अर्थ नसतो, हें ते अनुभवानें शिकले असतील. ज्याचें कोणी ऐकून घेत नाहीं, त्याच्या गप्प बसण्याला सहनशीलता म्हणून गौरविणें, ही ऐकून न घेणाऱ्याचीच सोय आहे. त्यांचा खरा थोरपणा मौनांत नव्हता. पावसाळ्याची खोटी सबब हाताशीं असतां त्यांनीं ती वापरली नाहीं, यांत तो होता.

जुन्या कॅमेऱ्यांचे जाणकार नवशिक्यांना जे नियम सांगतात, ते अलीकडे मीं लक्षपूर्वक ऐकले आहेत. तरफ अडली, तर जोर करूं नये. जोर केला तर छिद्रें फाटतात, किंवा फिल्मचें टोंक डबीच्या कण्यापासून उपटून येतें, व मग ती मागें गुंडाळतां येत नाहीं. अशा वेळीं कॅमेरा पूर्ण अंधाऱ्या खोलींत, नाहीं तर रात्रीं जाड गोधडीखालीं नेऊन, चांचपून उघडावा. रोल भरलेला असतां पाठीचें झांकण चुकून उघडलें, तर सर्वस्व गेलें असें मानून हातपाय गाळूं नयेत. तें तत्काळ मिटावें, कारण गुंडाळीच्या वरच्या वेढ्यांनीं आंतले वेढे झांकलेले असतात, व पुष्कळदां कांहीं चित्रें वांचतात. थंड कपाटांतून काढलेला रोल लागलीच उघडूं नये. तो खोलीच्या उष्णतेला येऊं द्यावा, नाहीं तर त्यावर दंव धरतें. या सर्व नियमांचें सार एकच आहे: प्रथम हात थांबवावा, मग खूण पाहावी, आणि मग काय तें करावें. आरोप करण्याच्या बाबतींतहि याहून निराळा नियम मला सुचत नाहीं.

आज बहुतेक छायाचित्रें मोबाईलवर निघतात, व निघतांक्षणींच दिसतात. फिल्म अगदींच नाहींशी झाली नाहीं. हौशी तरुण मंडळी पुन्हां रोल भरूं लागलीं आहेत. परंतु सामान्य कुटुंबाच्या जीवनांतून ती गेली, यांत संशय नाहीं. मात्र कृति आणि फळ यांच्या मधला तो न दिसणारा काळ आयुष्यांतून कोठें गेला आहे? मुलाला आपण दहा वर्षें शिकवितों, आजाऱ्याला महिनेन् महिने औषध देतों, संसार वर्षानुवर्षें करतों; आंत काय उमटत आहे तें त्या त्या वेळीं दिसत नाहीं. पुढें केव्हांतरी फिल्म कोरी निघते. मग मुलगा नापास झाला तर शिक्षकांनीं लक्ष दिलें नाहीं, गुण आला नाहीं तर डॉक्टरला कळत नाहीं, आणि घरांत बेबनाव झाला तर नव्या सुनेचे पाय! तेथें कडेवर कोणीं आंकडे उमटवून ठेविलेले नसतात, हें खरें. पण खुणा मुळींच नसतात असेंहि नाहीं. आपली खुंटी फिरत होती कीं नाहीं, हें त्या त्या वेळीं पाहणें बहुधा आपल्या हातांत असतें. आणि एखादी गोष्ट अपेक्षेहून फार सुखानें, कोठेंहि न अडतां चालली असेल, तर छत्तिसांत चाळीस निघाल्याचा आनंद मानण्यापूर्वीं क्षणभर थांबणेंहि आपल्या हातांत असतें.

आजी १९९१ सालीं गेली. शेवटपर्यंत तिचा समज, फोटोवाल्यानें फोटो घालविले, असाच होता. आणि तो मीं करून दिलेला होता. घरांत आजोबांचें चित्र आजहि तेंच एक आहे, टोपीआडून अर्धें दिसणारें. कोरी फिल्म मीं पुन्हां त्याच पाकिटांत घालून ठेविली आहे. कोणावर ठपका ठेवण्याचा प्रसंग आला, आणि संसारांत तो वरचेवर येतो, कीं मी खण उघडून ती एकदां पाहतों. आंकडे आले आहेत काय, हें स्वतःला विचारतों, आणि ते मला वाचतां येत नसतील, तर समोरच्या मनुष्याला विचारतों, "म्हणजे काय, तें जरा समजावून सांगा." पुष्कळदां तो मनुष्य आश्चर्यानें माझ्याकडे पाहतो, हा प्रश्न त्याला पूर्वीं कोणी विचारलेला नसतो.